बाटल्या मोजण्याआधी तास मोजा

लग्नाच्या स्वागतसमारंभातील पेयांचे नियोजन आणि त्यांचा खर्च या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. किमती जागोजागी वेगळ्या असल्यामुळे उत्तरांत रकमा दिलेल्या नाहीत; मापे, प्रमाणे आणि हिशेबाची रीत मात्र कुठेही सारखीच लागू पडते, म्हणून सारा भर त्यांवर आहे.

प्रश्न : आमच्या स्वागतसमारंभाला २०० जणांना निमंत्रण आहे आणि कार्यक्रम संध्याकाळी पाच तास चालेल. कोणी म्हणते माणशी अर्धी बाटली वाइन धरा, कोणी म्हणते एक धरा. या दोन अंदाजांत दुपटीचा फरक आहे. नेमका हिशेब कसा करावा? — एक नियोजित वधू

उत्तर : माणशी बाटली धरून केलेला हिशेब दोनदा चुकतो, कारण सगळी माणसे पिणारी नसतात आणि समारंभ दोन तासांचा आहे की सहा तासांचा, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून आधी पिणारी माणसे वेगळी काढावीत आणि मग त्यांना तासांनी गुणावे.

निमंत्रितांची यादी घेऊन दोन्ही घरांतील माहीतगार माणसांनी एकत्र बसावे. उत्तरे आल्यानंतर २०० पैकी १८० जण येणार असे दिसले आणि त्यांत २५ मुले आहेत असे समजू. उरलेल्या १५५ नावांपुढे एक-एक खूण करत गेले की श्रद्धेमुळे, प्रकृतीमुळे, औषधे चालू असल्यामुळे, गरोदरपणामुळे, परत गाडी चालवायची असल्यामुळे किंवा केवळ आवडत नाही म्हणून मद्य न घेणारी माणसे पुढे येतात. ती ६५ निघाली, तर पिणारे ९० राहतात. हे काम कंटाळवाणे असले तरी एका संध्याकाळचे आहे, आणि सगळ्या खर्चाचा पाया तेच आहे.

दुसरी पायरी तासांची. सर्वसाधारण अनुभव असा की पिणारा पाहुणा पहिल्या तासात दोन प्याले घेतो आणि त्यानंतर दर तासाला एक. पाच तासांचे सहा प्याले झाले, म्हणजे ९० जणांचे ५४०. यात टेबलावर अर्धवट राहिलेले आणि 'माझा कोणता?' या प्रश्नात हरवलेले प्यालेही आले, म्हणून यावर आणखी मोठी भर घालण्याची गरज सहसा पडत नाही.

प्याल्यांच्या बाटल्या करायच्या तर मापे लक्षात ठेवावी लागतात. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि १५० मिलिलिटरच्या मापाने तिचे पाच प्याले होतात. बिअरची ३३० मिलिलिटरची बाटली म्हणजे एक प्याला. व्हिस्की, जिन, रम यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० मिलिलिटरचे २५ पेग निघतात, ६० मिलिलिटरचे मात्र १२च. काही देशांत ही बाटली ७०० मिलिलिटरची असते, तिथे हेच आकडे २३ आणि ११ होतात. समजा तुमच्या मंडळींच्या आवडीनुसार ५४० पैकी निम्मे प्याले वाइनचे, तीन दशांश बिअरचे आणि दोन दशांश कडक मद्याचे धरले, तर वाइनच्या ५४ बाटल्या, बिअरच्या १६२, म्हणजे २४ बाटल्यांचे सात खोके, आणि १०८ पेगांसाठी छोट्या मापाने पाच किंवा मोठ्या मापाने नऊ बाटल्या लागतील. पेगाबरोबर मिसळायच्या सोडा, टॉनिक वगैरेंचे प्रमाण दर पेगाला १५० मिलिलिटर धरल्यास त्यांचे सुमारे १६ लिटर वेगळे धरावेत.

हे वाटप दगडावरची रेघ नव्हे. उघड्यावर, उकाड्यात समारंभ असेल तर बिअर आणि पांढरी वाइन वाढवावी. थंड रात्री बंद सभागृहात लाल वाइन आणि व्हिस्की यांच्याकडे ओढा जातो. तरुण मंडळी अधिक असतील आणि नाचगाणे रात्री उशिरापर्यंत चालणार असेल, तर शेवटच्या दोन तासांत वाइन मागे पडते.

आता एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेक घरांचे दुर्लक्ष होते. सर्वांत जास्त पिणे जेवणाबरोबर होत नाही. पाहुणे जमलेले आहेत, वधूवर छायाचित्रांत गुंतलेले आहेत आणि करण्यासारखे दुसरे काहीच नाही, अशा उभ्या-उभ्या ताटकळण्याच्या वेळात ते होते. हा वेळ अर्ध्या तासाने लांबला, तर ९० माणसांमागे ४५ ते ९० प्याले वाढतात, म्हणजे वाइनच्या नऊ ते अठरा बाटल्या. तेव्हा छायाचित्रकाराशी वेळ पक्की करणे हेही पेयांच्या अंदाजपत्रकाचेच कलम समजावे.

प्रश्न : थोरल्या मुलाच्या लग्नात बिअर दोन तासांत संपली आणि वाइनचे खोकेच्या खोके उरले. आता धाकट्याच्या वेळी प्रत्येक प्रकार जास्तीचा आणावा, असे मुलाच्या वडिलांचे म्हणणे आहे. मला ते उधळपट्टीचे वाटते. — एक वरमाता

उत्तर : तुमचे म्हणणे बरोबर आहे. प्रत्येक प्रकारात वेगळी शिल्लक ठेवली की ती शिल्लक चार-पाच ठिकाणी विखुरते आणि सगळीच्या सगळी उरते. बिअर संपली तरी पाहुणा तहानलेला राहत नाही. तो वाइन किंवा दुसरे काही घेतो, फार तर थोडा हिरमुसतो. म्हणून जास्तीचा साठा एकाच प्रकारात करावा, एकूण प्याल्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तो प्रकार असा निवडावा की जो सर्वांना चालेल आणि न उघडता दुकानदार परत घेईल. न संपू देण्यासारख्या वस्तू तीनच आहेत : पाणी, बर्फ आणि मद्य न घेणाऱ्यांची पेये. या तिन्हींपैकी एक जरी संपली, तरी तिला पर्याय नसतो.

थोरल्याच्या वेळचा उरलेल्या बाटल्यांचा हिशेब हाताशी असेल तर तो मात्र जपून वापरावा. त्याच मंडळींनी त्याच ऋतूत काय घेतले, हे सांगणारा त्याहून चांगला कागद तुम्हाला कोणी देणार नाही.

प्रश्न : सभागृहाच्या व्यवस्थापकाने तीन पर्याय दिले आहेत : माणशी ठरावीक दर, जेवढे प्यायले जाईल तेवढ्याचे बिल, किंवा बाटल्या आपण आणायच्या आणि प्रत्येक बाटलीमागे उघडणावळ द्यायची. तिन्हींत स्वस्त कोणता? — एक वधूपिता

उत्तर : याचे उत्तर व्यवस्थापकाकडे नाही, तुमच्या यादीत आहे. वरच्या पहिल्या उत्तरातील उदाहरण पुढे नेऊ. तेथे एकूण ५४० प्याले आणि येणारी माणसे १८०, म्हणजे सरसकट माणशी तीन प्याले झाले. आता माणशी दराला एका प्याल्याच्या सरासरी दराने भागावे. भागाकार पाच आला, तर व्यवस्थापक तुमच्याकडून प्रत्येक माणसामागे पाच प्याल्यांचे पैसे घेत आहे आणि तुमची माणसे तीनच पिणार आहेत. अशा वेळी ठरावीक दर तोट्याचा. याउलट पिणाऱ्यांची संख्या दीडशे असती, तर तोच दर बरोबरीत सुटला असता, आणि त्याहून जास्त असती, तर किफायतशीर ठरला असता. हा सौदा फायद्याचा करण्याचा साधा मार्ग म्हणजे मुले आणि मद्य न घेणारे यांच्यासाठी वेगळा, कमी दर मागणे; मागितल्याशिवाय तो कोणी देऊ करत नाही, मागितल्यावर बहुधा मिळतो. ठरावीक दरात किती तास आणि कोणती पेये येतात, हेही लेखी घ्यावे, कारण ठरलेल्या तासांनंतरचा प्रत्येक तास बहुतेक ठिकाणी वेगळा आणि महाग लावला जातो.

प्यायलेल्याचे बिल हा प्रकार प्रामाणिक असतो, पण यजमानाची झोप उडवणारा असतो. तो निवडल्यास वरची मर्यादा आधी ठरवावी आणि तिच्या तीन चतुर्थांशावर पोहोचताच घरच्या एका ठरलेल्या माणसाला कळवण्याची अट घालावी. ते माणूस वधूवरांपैकी नसावे, आणि शक्यतो पिणारेही नसावे. बिल प्याल्यांवर होणार की उघडलेल्या बाटल्यांवर, हा प्रश्न आधीच विचारावा. बाटल्यांवर होणार असेल, तर रात्री शेवटी अर्धवट उघडलेल्या दहा-बारा बाटल्या पूर्ण किमतीला तुमच्या माथी येतात. म्हणून शेवटच्या तासात नवी बाटली विचारल्याशिवाय उघडू नये असे सांगून ठेवावे आणि रिकाम्या बाटल्या मोजून होईपर्यंत टाकू देऊ नयेत.

आपल्या बाटल्या आपण आणणे कागदावर सर्वांत स्वस्त दिसते. मात्र उघडणावळीखेरीज वाहतूक, बर्फ, ग्लास, ओतणारी माणसे आणि रिकाम्या बाटल्यांची विल्हेवाट हे सगळे तुमच्याकडे येते. मद्य देण्यासाठी अनेक ठिकाणी स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. सभागृहाचा परवाना बाहेरून आणलेल्या मद्याला लागू पडतो का, याची खात्री तारीख ठरवतानाच करावी. तिन्ही पर्यायांची तुलना करताना कर आणि सेवाशुल्क धरूनच आकडे मांडावेत, नाहीतर स्वस्त दिसलेला पर्याय शेवटच्या ओळीत महाग निघतो.

बाटल्या आपण आणायचे ठरलेच, तर दुकानदाराने थोडी सूट देण्यापेक्षा न उघडलेला माल परत घेण्याचे कबूल करणे कितीतरी मोलाचे आहे. यात एक बारीक खाच आहे. परत घेताना दुकानदार बाटलीवरचे लेबल शाबूत आहे का ते पाहतो, आणि सगळ्या बाटल्या दुपारीच बर्फाच्या पाण्यात बुडवल्या तर रात्रीपर्यंत लेबले सुटून पाण्यावर तरंगू लागतात. निम्म्याच बाटल्या पाण्यात घालाव्यात, बाकीच्या कोरड्या खोक्यांत ठेवाव्यात आणि लागतील तशा घालत जाव्यात.

प्रश्न : लग्नाच्या एकूण खर्चात पेयांचा वाटा किती असावा? आणि हात आखडायचा झाला तर कुठे आखडावा, म्हणजे पाहुण्यांना जाणवणार नाही? — वराचा भाऊ

उत्तर : एकूण खर्चाच्या टक्क्यांचा नियम मी देणार नाही, कारण ज्या घरात निम्मे पाहुणे पीत नाहीत आणि ज्या घरात सगळे पितात, त्यांना एकच टक्केवारी लावणे निरर्थक आहे. पेयांसाठी ठरलेल्या रकमेची आतली विभागणी मात्र सांगता येते. ती रक्कम १०० भाग मानल्यास मी ५५ भाग मद्याला, १५ भाग पाणी आणि मद्यविरहित पेयांना, १० भाग बर्फ आणि ग्लासांना, १० भाग वाढणाऱ्या माणसांना ठेवतो आणि उरलेले १० भाग हातचे राखतो. पहिल्या अंदाजपत्रकात बहुतेक घरे १०० पैकी ९० भाग मद्यावर टाकतात आणि समारंभाच्या आदल्या दिवशी बर्फासाठी पैसे शोधत फिरतात.

काटकसर करायची पहिली जागा शुभेच्छांचा प्याला. फेसाळ वाइन महाग असते, आणि भाषण संपल्यावर टेबलांवर एक-एक घोट घेतलेले प्याले तसेच उभे असतात. १२५ मिलिलिटरच्या मापाने एका बाटलीचे सहा प्याले होतात आणि १५५ मोठ्या माणसांना २६ बाटल्या लागतात. त्याऐवजी ७५ मिलिलिटर ओतले तर एका बाटलीत दहा प्याले होऊन १६ बाटल्यांत काम भागते. उंच, अरुंद ग्लासात हे माप कमी दिसत नाही. याहून सरळ उपाय म्हणजे ज्याच्या हातात जे असेल ते त्याने उंचावावे. शुभेच्छा त्याने उण्या होत नाहीत.

दुसरी जागा प्रकारांची संख्या. पेयपत्रिकेवरचे प्रत्येक नवे नाव म्हणजे एक जास्तीची उघडी बाटली, त्यात मिसळायचे वेगळे पेय, सजावटीचे वेगळे फळ आणि निवड करत थांबलेल्या पाहुण्यामुळे वाढलेली रांग. दोन वाइन, एक बिअर, दोन कडक मद्ये आणि आधी बनवून ठेवलेले एक कॉकटेल, एवढ्यात कोणाचीही तक्रार येत नाही. आधी बनवून ठेवायचे कॉकटेल ढवळून देण्याच्या प्रकारातले असेल, तर एक गोष्ट पाळावी : एरवी बर्फाबरोबर ढवळताना त्यात जे पाणी उतरते, तेवढे, म्हणजे मिश्रणाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी मोजून घालावे, नाहीतर ते घशाला बोचरे लागते. सोड्यासारखे फसफसणारे घटक मात्र वाढतानाच घालावेत.

जेथे आखडू नये ती जागा वाढणाऱ्या माणसांची. साधारण ५० ते ७५ पाहुण्यांमागे एक ओतणारा लागतो, म्हणजे १८० जणांना तीन. एकच असेल तर रांग लागते, आणि रांगेत उभा राहिलेला माणूस पुन्हा रांग नको म्हणून एकदम दोन प्याले घेऊन जातो. वाचवलेली मजुरी अशी ग्लासातून बाहेर जाते. मापाने ओतणारी माणसे स्वतःची मजुरी बऱ्याच अंशी वसूल करून देतात. नजरेने ओतलेला ३० मिलिलिटरचा पेग सहज ४० चा होतो, आणि मग २५ पेगांची बाटली १८ मध्येच संपते.

प्रश्न : मी मद्य घेत नाही. आजवर ज्या-ज्या स्वागतसमारंभांना गेले, तेथे माझ्या वाट्याला एका कोपऱ्यात ठेवलेले कोमट, गोड शीतपेय आले. माझ्या बहिणीच्या लग्नाचे नियोजन आता माझ्याकडे आहे. काय वेगळे करता येईल? — एक वाचक भगिनी

उत्तर : हे पत्र वाचून समाधान वाटले, कारण या विषयावरच्या बहुतेक पत्रांत न पिणारा पाहुणा फक्त वजाबाकीसाठी येतो. वरच्या उदाहरणात मुले धरून मद्य न घेणारे ९० आहेत, म्हणजे समारंभाचा निम्मा भाग. त्यांनाही पहिल्या तासात दोन आणि पुढे दर तासाला एक असाच हिशेब लावावा. ९० जणांचे ५४० ग्लास आणि ग्लासाला २०० मिलिलिटर धरल्यास सुमारे ११० लिटर पेय लागते. पाणी त्याच्या वेगळे, आणि ते सर्वांसाठी : माणशी अर्धा ते एक लिटर, म्हणजे १८० जणांसाठी १३५ लिटरच्या आसपास. उकाडा असेल तर एक लिटरच्या खाली येऊ नये. पाणी टेबलांवर ठेवल्यास मद्यही कमी लागते, कारण पहिला प्याला पुष्कळदा निव्वळ तहानेने घेतला जातो.

प्रमाणाइतकेच महत्त्व चवीला आहे. गोड पेयाचा दुसरा ग्लास बहुतेकांना जात नाही. मद्य पिणाऱ्याला एका प्याल्यानंतर दुसरा घ्यावासा वाटतो त्याचे एक कारण त्यातला आंबटपणा किंवा कडवटपणा हे आहे. म्हणून तुमच्या तीन पेयांपैकी एक आंबट, एक कडवट किंवा तुरट आणि एकच गोड असावे. लिंबाचा रस, आले, पुदिना, न गोडवलेला थंड चहा, टॉनिक यांपासून अशी पेये सहज बनतात आणि मद्याच्या तुलनेत त्यांचा खर्च नगण्य असतो.

आणि ती त्याच काचेच्या ग्लासांत, त्याच बारवर, पहिल्या फेरीच्या त्याच तबकातून यावीत. वेगळा कोपरा आणि कागदी पेला दिला की न पिणाऱ्याला प्रत्येक भेटीत कारण सांगत बसावे लागते. मुलांसाठी मात्र वेगळे, न फुटणारे पेले आणि खुजे टेबल असावे. रात्री नऊनंतर त्यांना कॅफीन असलेली पेये दिल्यास आईवडिलांचा राग तुमच्यावर निघेल, एवढे लक्षात ठेवावे.

एक सावधगिरी. 'अल्कोहोलविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये अनेक देशांच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालते. केवळ गाडी चालवायची म्हणून न पिणाऱ्याला त्याने फरक पडणार नाही. पण श्रद्धेमुळे वर्ज्य मानणाऱ्याला किंवा व्यसन सोडलेल्याला तो पडतो. बाटलीवरचा आकडा वाचावा आणि ओतणाऱ्यालाही तो माहीत असावा.

प्रश्न : बर्फ किती आणावा, हे कोणीच नीट सांगत नाही. — एक वाचक

उत्तर : सांगतो, आणि कारणासह सांगतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक लिटर पेय ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे दर लिटरमागे सुमारे ३०० ग्रॅम बर्फ निव्वळ गार करण्यातच जातो. आपल्या उदाहरणात बिअर, पांढरी वाइन, मद्यविरहित पेये आणि सोडा मिळून २०० लिटर गार करायचे आहेत. त्याला ६० किलो. ग्लासात घालायला दर ग्लासाला १०० ग्रॅम धरले, तर ५४० मद्यविरहित ग्लास आणि १०८ पेग यांना ६५ किलो. बेरीज १२५ किलो, आणि हवेच्या उष्णतेने वाया जाणारा चौथा हिस्सा वर धरला की १५५ किलोच्या घरात जाते. माणशी एक किलो हा जुना ठोकताळा याच हिशेबाच्या जवळ जातो. पेये आदल्या रात्रीपासून शीतकपाटात ठेवण्याची सोय असेल, तर गार करण्याचा बर्फ फारच थोडा लागतो आणि माणशी अर्ध्या किलोच्या आसपास भागते.

नुसत्या बर्फात बाटली खोचली तर ती सावकाश गार होते, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. बर्फात पाणी घालावे. बाटलीच्या सर्व बाजूंना गारवा भिडतो आणि सुमारे अर्ध्या तासात वाइन पिण्याजोगी गार होते. घाई असेल तर मूठभर मीठ टाकावे, कारण मिठामुळे त्या पाण्याचे तापमान शून्याच्या खाली जाते. फेसाळ वाइन पुरेशी गार नसेल तर बूच उडते आणि निम्मी बाटली जमिनीवर सांडते, म्हणून ती सर्वांत आधी बुडवावी.

बाटल्या बुडवलेल्या टबातला बर्फ ग्लासात घालू नये; पिण्याचा बर्फ वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात असावा. तो ग्लासाने उपसू नये, डावानेच काढावा. ग्लासाची कड फुटून काच बर्फात पडली तर ती दिसत नाही, आणि मग सगळा बर्फ फेकून देण्याखेरीज मार्ग नसतो.

ग्लासांबद्दलही विचारलेले नसताना सांगून टाकतो : धुण्याची सोय तत्काळ नसेल तर माणशी अडीच ग्लास धरावेत. आणि बूच काढायची साधने किमान पाच असावीत. आमच्याच घरच्या एका समारंभात सगळे काही मोजून आणले होते, बूच काढायचे साधन मात्र एकच होते आणि ते दुसऱ्या बाटलीलाच मोडले. पुढचा पाऊण तास आम्ही स्क्रू आणि पक्कड घेऊन काढला.

प्रश्न : गेल्या वर्षी एका नातलगाने अति मद्य घेऊन समारंभात गोंधळ घातला. पाहुण्यांना नियम सांगणे अशिष्ट वाटते. कसे करावे? आणि उरलेल्या बाटल्यांचे काय करावे? — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : नियम पाहुण्यांना सांगूच नयेत, ते मांडणीत घालावेत. बाटल्या टेबलांवर न ठेवता बारवरूनच वाढाव्यात. कडक मद्य मापानेच आणि छोट्या पेगात द्यावे, एका दमात घ्यायचे छोटे प्याले पत्रिकेवर ठेवूच नयेत. पहिला प्याला हातात पडण्याआधी काहीतरी खायला फिरलेले असावे, कारण रिकाम्या पोटी अल्कोहोल रक्तात फार लवकर उतरते. समारंभ संपण्याआधी एक तास बार बंद करावा आणि त्याच वेळी चहा, कॉफी आणि गोड पदार्थ बाहेर यावेत, म्हणजे बंद झाल्यापेक्षा नवे काही सुरू झाल्यासारखे वाटते. बार असा आधी बंद केल्यास पाच तासांच्या हिशेबातून एका तासाचे ९० प्यालेही कमी होतात.

तरीही एखाद्याला थांबवावे लागेल. तो निर्णय ओतणाऱ्याने घ्यावा आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे घरातले एक वडीलधारे माणूस त्याला आधीच दाखवून ठेवावे. तुमच्या त्या नातलगाशी समारंभाच्या आधी, एकांतात, त्यांना मान देत बोलणारे माणूसही तेच असावे.

परत जाण्याची सोय पेयांच्याच खर्चात धरावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच बाहेर काढू शकते. पाच तासांत सहा प्याले घेतलेल्या माणसाच्या पोटात ९० ग्रॅम गेलेले असतात आणि निघताना त्यांपैकी ४० ग्रॅम किंवा अधिक शिल्लक असतात, मग तो कितीही शुद्धीवर दिसो. कॉफीने किंवा गार पाण्याने हा वेग वाढत नाही. म्हणून तुम्ही सरासरी धरलेला पाहुणासुद्धा गाडी चालवण्याच्या स्थितीत नसतो. दोन-तीन वाहने चालकांसह शेवटपर्यंत थांबवून ठेवावीत आणि निमंत्रणाबरोबरच तसे कळवावे.

उरलेल्या बाटल्यांपैकी न उघडलेल्या दुकानदाराकडे परत जाव्यात, आणि त्या परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे खरेदीच्या पावतीवरच लिहून घ्यावे. उघडलेली लाल वाइन बूच लावून थंड जागी दोन-तीन दिवस टिकते, पांढरीही तितकीच टिकते पण शीतकपाटात. फेसाळ वाइन घट्ट झाकण लावले तरी दुसऱ्या दिवशीच संपवावी. व्हिस्की, जिन वगैरेंना काही महिने काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे दमलेले असतात, म्हणून ही मोजणी कोण करणार आणि खोके गाडीत कोण चढवणार, त्याचे नाव आधीच्या आठवड्यातच ठरवून ठेवावे.